'उत्तम'चा रिकामा चौकोन

योआनिना, मंगळवार

आई,

तुझ्या दोन्ही गालांचे पापे. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझी अंजिरं रोज एकच खाते, संपतील म्हणून.

तब्येतीविषयीची एक परदेशी प्रश्नावली आपल्या ग्रीकमध्ये आणून आम्ही ती इथल्या म्हाताऱ्या माणसांकडून भरून घेतोय. पहिलाच प्रश्न, तब्येत कशी आहे? 'उत्तम'च्या चौकोनात कुणीच खूण करत नाही. काल पोलिक्सेनी मावशी चीजचा डबा घेऊन डोंगर चढून आल्या, साधी धाप नाही. "मग उत्तम लिहू?" विचारलं, तर स्वतःच्या गळ्याशी तीनदा थू थू करून म्हणाल्या, "दृष्ट लावतेस का पोरी? 'बरी' लिही. आणि तुझं लग्न कधी?"

आमच्या सरांना वाटलं, अख्खं गाव आजारी. मी म्हटलं, "सर, यांचं उत्तर एक चौकोन वर धरून वाचा. माझी आई फोनवर 'चाललंय' म्हणते, तेव्हा ठणठणीत असते."

रविवारी मात्र तू म्हणालीस, "मी उत्तम आहे. उगाच येऊबिऊ नकोस."

आई, हा शब्द तुझ्या तोंडून मी आजवर ऐकला नव्हता.

शनिवारच्या बोटीने येतेय. धक्क्यावर येऊ नकोस, दार तेवढं उघडं ठेव.

तुझीच,
एव्हान्थिया