पितृपक्षात घेतलेली पांढरी

१६ सप्टेंबर, मंगळवार

पांढरी गाडी आणली, अंधेरीहून. लेक, दिनेश, वाटभर तोंड फुगवून. पण गाडी चालवली त्यानेच, आणि जोगेश्वरी-विक्रोळी रोडला जरा मोकळं मिळालं तर त्याने पाय दाबलाच. मी मागे बसले होते, पाठ सीटला चिकटली. म्हटलं, हळू रे मेल्या, विकायची आहे. तेव्हा कुठे हसला.

पितृपक्ष आहे, बाजारात कावळे फक्त. या पंधरवड्यात गाडी कोणी घेत नाही, म्हणून मी घेते. दर वर्षी. विकणाऱ्याला महिनाअखेर परदेशी जायचंय. चार जण येऊन 'नवरात्रात बघू' म्हणून गेले. मी म्हटलं, मी आज बघते. एकवीस लाखाला तुटला. त्याची बायको विचारते, "आजी, तुमच्यात चालतं का हे?" म्हटलं, आमचे पितर गॅरेजवाले, गाडी बघून खूश होतील.

एक मालक. रंग पूर्ण कंपनीचा, कुठे ब्रश लागलेला नाही. हाच तर माल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दि. आज बोलला. जेवताना. जेवतानाच बोलायचं असतं त्याला, म्हणजे मी उठून जाणार नाही.

"आई, हा भाव नाही, फुगा आहे. नवीन गाड्या स्वस्त झाल्या. लोक जुनीला एवढे कशाला देतील?"

देतात ते. कंपनीने ही बनवायची बंद केली. हाताच्या गिअरची, पेट्रोलची, सुसाट पळणारी चार दरवाजांची आता नवीन मिळतच नाही. म्हणून नवीन होती तेव्हापेक्षा जुनीला जास्त मोजतात. वेडेपणा आहे हे मलाही कळतं. पण वेडी मी नाही ना, घेणारा.

मग खरं बाहेर आलं. ठाण्यात कुठल्या मोठ्या शोरूममध्ये त्याला पगाराची नोकरी देतायत. आपली जुन्या गाड्यांची शेड बंद करू म्हणतो. म्हणतो, तू थकलीस. मी थकले! ह्यांच्या मागे बावीस वर्षं शेड मी चालवली, हा तेव्हा कॉलेजात कॅरम खेळत होता.

म्हटलं, लक्ष्मीपूजनापर्यंत पांढरी सव्वीसला गेली नाही, तर शेडची चावी तुझी. बंद कर नाहीतर त्यात कोंबड्या पाळ. मी घरात बसेन.

"नक्की?"

नक्की. इथे लिहिलंय. उद्या मलाच शब्द फिरवता येऊ नये.

२४ सप्टेंबर, बुधवार

सायलीने व्हिडिओ टाकला. दि.ची पोरगी, पण अक्कल माझी. इंजिनाचा आवाज तेवढा घेतला, वर एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं, गो, निदान भाव तरी सांग. म्हणे, "आजी, आवाज ऐकून ज्याला कळतं तोच येईल. बाकीचे फक्त डोकं खातात."

सकाळपासून फोन. निम्मे डोकं खाणारेच. एक म्हणतो मायलेज किती देते. म्हटलं, तू रिक्षाने जा.

एक बरा वाटला. कामत, बोरिवलीचा दातांचा डॉक्टर. अशी गाडी दीड वर्ष शोधतोय. एकच अट, रंग कंपनीचा पाहिजे. मशीन घेऊन येणार, पत्र्याला लावलं की रंग किती जाड ते आकड्यात दाखवतं. कंपनीचा पातळ, गॅरेजमध्ये मारलेला जाड. म्हटलं, दोन मशीन आणा. खूश झाला. पण आत्ता कुठल्याशा कॉन्फरन्सला चाललाय, मग गावाला. दिवाळीआधी येतो म्हणाला. तोवर कोणाला दाखवू नका म्हणे. म्हटलं, दाखवणार. बघायला पैसे पडत नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी शेडमध्ये पूजा. तीन गाड्या, कॉम्प्रेसर, पाने, जॅक. माझी काही फार भक्ती नाही, पण गिऱ्हाईक फोटो बघतं.

पांढरीवर कुंकू ठरेना. सायलीने कसलंसं मेण चोपडलंय बॉनेटवर, पाण्यात कालवलेलं कुंकू घसरून पार हेडलाइटपर्यंत. मग खोबरेल तेलात कालवलं. झकास बसलं. वीतभर मोठं स्वस्तिक काढलं, मधे चार ठिपके. नारळ, लिंबं, झेंडू. सायली म्हणाली, फोटो बघून पन्नास जणांनी विचारलं.

ऊन फार होतं. कव्हर घालून ठेवली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

वाट लागली.

आज कोणी बघायला येणार होतं म्हणून सायलीने कव्हर काढून गाडी धुतली. कुंकू गेलं. स्वस्तिक राहिलं. गुलाबी. चार ठिपक्यांसकट.

साबण लावला. लिंबू लावायला घेतलं तर सायलीने हातातून ओढून घेतलं. "आजी, तू तेलात कालवलंस? आणि वरून कव्हर? पाच दिवस?"

हो. तेलात. पाच दिवस. आतल्या आत शिजलं ते.

येणाऱ्याला सायलीने फोन करून नको सांगितलं. दि. आला, बघितलं, खाली बसला टायरला टेकून. मग म्हणाला, "घे अजून पितृपक्षात."

म्हटलं, पितरांनी कुंकू नाही लावलं. मी लावलं.

उठला, पँट झटकली, आत गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस एकच भांडण. दि. म्हणतो फक्त बॉनेट रंगवून घेऊ, भांडुपला वसंता असा रंग जुळवतो की ब्रह्मदेवाला कळायचं नाही. ब्रह्मदेव मशीन घेऊन येत नाही, डॉक्टर येतोय. आणि एकदा का बॉनेट जाड दाखवलं, की तो विचारणार ठोकली कुठे होती. ठोकलेली नाही हे कोणत्या तोंडाने सांगू? डाग असला तर डाग. रंगवली तर सगळीच गाडी खोटी.

दि.: "मग सव्वीस विसर."

मी: "तू पगार मोज."

सायली मधे कानात बोंडं घालून बसली.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी शेडवर गेले तर पांढरी नाही. दि. नाही. वाटलं गिऱ्हाईकाला दाखवायला नेली. तेवढ्यात वसंताचा फोन. ह्यांच्याच हाताखाली शिकला तो, अजून काकी म्हणतो.

"काकी, दिनेश गाडी घेऊन आलाय. तुम्ही सांगितलंत ना? कारण बॉनेट एकदा घासलं की मग नाही हां परत."

रिक्षा करून भांडुप. गाडीला चहूकडून वर्तमानपत्रं चिकटवलेली, बॉनेट तेवढं उघडं. वसंताच्या हातात पॉलिश पेपर. दि. मला बघून पत्र्याइतका पांढरा.

मी आरडाओरडा केला नाही. प्लास्टिकची खुर्ची ओढली, बॉनेटसमोर ठेवली, बसले. म्हटलं, वसंता, चहा सांग, आलं घालून. दोन कप झाले. तिथली चार माणसं कामं सोडून बघतायत. शेवटी दि.च म्हणाला, "कागद काढ रे वसंता."

मग मी वसंताला म्हटलं, पेपर नको, हाताने पॉलिश मार, जेवढं निघेल तेवढं. दोन तास राबला. गुलाबी गेलं बरंचसं. उन्हात आडवं बघितलं तर सावली आहे अजून. म्हणाला, याच्यापुढे घासलं तर रंगाचा वरचा थरच जाईल. थांबवलं.

येताना गाडीत दि. म्हणाला, "मी तुझ्यासाठीच करत होतो."

म्हटलं, माहितीये. इंडिकेटर दे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

भांडुपच्या चार माणसांनी आपलं काम केलं. जिग्नेश आला. घाटकोपरला मोठं दुकान त्याचं, काचेचं, आत कॉफीचं मशीन. पितृपक्षात हीच गाडी त्याने सोडली होती.

"मावशी, शुभ शुभ बॉनेट बघायला आलो."

म्हटलं, पाया पड मग.

हसला. चाफ्यासारखा वास मारतो नेहमी. गाडीला दोन फेऱ्या मारल्या, उन्हात आडवं डोकं करून बघितलं, मग शांतपणे, "एकवीस. तुमचा एक रुपया बुडत नाही. आज टोकन, उद्या पूर्ण. आणि हे कोणाला बोलणार नाही."

कोणाला बोलायचं राहिलंय आता?

दि. माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत 'दे' लिहिलेलं. खरं सांगायचं तर एक क्षण माझ्याही. मग जिग्नेशने किल्ली उचलली, स्वतःच, टेबलावरून. मी हात पुढे केला. त्याने ठेवली हातात.

म्हटलं, दिवाळीची मिठाई घेऊन ये कधीतरी. रिकाम्या हाताने येऊ नकोस.

गेल्यावर दि. म्हणाला, "हट्ट आहे हा."

आहेच.

१५ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरला मीच फोन लावला. सायली म्हणत होती, येऊ दे, बघू दे, मग सांगू. नको. तो बोरिवलीहून एवढा येणार आणि इथे येऊन त्याला दिसणार. मग मी काहीही बोलले तरी ते लपवलेलंच.

म्हटलं, डॉक्टर, दसऱ्याला मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं तेलात, ते उमटलंय. पॉलिश करून फिकं झालंय. रंगवलेली नाही. भाव तोच, सव्वीस.

 

तो म्हणाला, "फोटो पाठवा."

सायलीने सावलीत काढला. काहीच दिसत नव्हतं. हुशार कार्टी. म्हटलं, उन्हात काढ, दिसेल असा. काढला, तोंड वाकडं करून. पाठवला.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

उत्तर नाही. सायली म्हणते परत फोन कर. नाही करणार. एकदा सांगितलं ते माहिती, दुसऱ्यांदा सांगितलं की विनवणी.

बाजार तुफान आहे. जिग्नेशच्या दुकानासमोर आज हार घातलेल्या गाड्यांची रांग, सायलीने फोनवर दाखवली. आपल्या शेडमधून एक छोटी गेली, मुलाला क्लासला सोडायला म्हणून कोणी घेतली. पांढरी बघून लोक उभे राहतात, हात फिरवतात. मग कोणीतरी वाकतो.

दि.ने नवीन शर्ट आणलाय. फिकट निळा, कडक इस्त्रीचा. दिवाळीचा म्हणाला. असला शर्ट दिवाळीला कोण घेतं?

गुडघा दुखतोय. लिहायचं काही कारण नाही, दुखतोय म्हणून लिहिलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

शेडमध्ये बसूनच लिहितेय.

सकाळी रांगोळी, हार, सगळं उरकलं. दि.ने शेडची चावी मागितली नाही, पण दोनदा चावीच्या खिळ्याकडे बघितलं. अकराच्या सुमारास एक टॅक्सी थांबली. उतरला तो बारीक, चष्मेवाला, पाठीला बॅग. मला वाटलं कुरियर.

"मी कामत."

फोन नाही, काही नाही. चहा विचारला, नंतर म्हणाला. मशीन काढलं. दरवाजे चारही, छप्पर, डिकी, खांब, सगळीकडे लावलं, बॉनेटवर तर सहा ठिकाणी. आकडे स्वतःशीच पुटपुटत होता. सायली त्याच्या मागे मागे. मग डागापाशी वाकला तो बराच वेळ वाकलेलाच. दात बघतात तसा. मला म्हणाला, "तेल आणि उष्णता. रंग वरच्या थरात मुरलाय, खाली गेलेला नाही. वर्ष-दोन वर्षांत अजून फिकं होईल. पण पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही."

मला हे वसंतानेही सांगितलं नव्हतं. म्हटलं, बरं.

"बाकी सगळं कंपनीचं आहे, आजी."

"सांगितलं होतं."

"चोवीस."

"सव्वीस."

"डागासकट?"

"डाग फोनवर सांगितला. भावही त्याच फोनवर सांगितला."

"पुण्यात एक आहे. डाग नाही तिला."

"मग दिवाळीच्या दिवशी इथे कशाला आलात?"

  तो बॉनेटवरून बोट फिरवत राहिला. दि. माझ्या मागून हळूच, "आई, पंचवीसला सोड. मी पण विसरतो, तू पण विसर." मी ऐकलंच नाही असं केलं.

डॉक्टर म्हणाला, "एक चक्कर मारू का?"

सायली शेजारी बसून गेली. ऐरोलीच्या पुलापर्यंत जाऊन येणार. त्याला बराच वेळ झाला. एवढा वेळ लागत नाही. दि. दोनदा रस्त्यावर जाऊन आला. मी समईची वात सारली, लाडवांचा डबा काढला, झाकण घालून परत ठेवला.

दि. सायलीला फोन लाव म्हणतो. नाही लावायचा.

आला आवाज. नाक्यावरूनच कळतो. दि. उभा राहायला लागला, म्हटलं बस खाली.

दारात येऊन थांबली. सायली उतरली, माझ्याकडे बघत नाहीये. तो आतच बसलाय, दोन्ही हात स्टिअरिंगवर. इंजिन अजून बंद करत नाहीये. असा बसलेला माणूस पुण्याची गाडी बघत नाही, लाडवांचा डबा परत काढते.