स्मारक मोहीम, हेल्मेटसह

२८ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. पण उद्या कुणी माझ्यावर लिहायला घेतलं तर बिचाऱ्याची धावपळ नको.

निर्णय पक्का. २२ फेब्रुवारीला मोटरसायकलवरून पाच युद्धस्मारकं, एका दिवसात. शेवटचं टेकडीवरचं, बाबांच्या तुकडीचं. त्यांची लढाई त्याच तारखेला झाली होती.

मोटरसायकल काल घेतली. सेकंडहँड, पण आवाज फर्स्टक्लास. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात बसून आयुष्यभर दुसऱ्यांचे अपघात नामंजूर केले. आता स्वतः रस्त्यावर उतरायची वेळ आली आहे. बायको म्हणाली की उतरायची वेळ येणारच, त्या गाडीवर फार काळ कुणी बसू शकेल असं वाटत नाही. हिची स्वतःची स्कूटर जुनाट आहे, त्यामुळे जळफळाट समजू शकतो.

३० जानेवारी
ऑफिसात मोहीम जाहीर केली. सगळे उठून उभे राहिले. लंच टाइम झाला होता, पण तरीही. बरेच जण येतो म्हणाले. कॅशियरने तर जॅकेटचा रंगसुद्धा विचारला. काळा ठरला. पाठीवर ‘वीरांना सलाम’ आणि खाली माझं नाव, जरा मोठ्या अक्षरात. लीडर ओळखू यायला हवा.

२ फेब्रुवारी
जेवताना बाबांनी पुन्हा हजेरीचं सांगितलं. दर वर्षी २२ तारखेला तुकडीतले उरलेले लोक स्मारकाशी जमतात. एक जण दगडावरची नावं पुकारतो आणि बाकीचे प्रत्येक नावाला ‘हजर’ म्हणतात. गेलेल्यांच्या वतीने. गेल्या वर्षी बाबा आणि त्यांचे ड्रायव्हर दोस्त असे दोघंच उरले होते. बाबांनी पुकारलं, दोस्तांनी ओ दिली. मग पावसाळ्यात दोस्तही गेले. पुकारायचं आपण आणि ओ पण आपणच द्यायची हे काही बरोबर नाही, असं बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी जागच्या जागी तोडगा काढला. मोबाईलवर माझ्या आवाजात ‘हजर’ रेकॉर्ड करायचं आणि स्पीकर लावायचा. बाबांनी ताट बाजूला सारलं. पाणी प्यायले. भारावले असावेत.

५ फेब्रुवारी
ही म्हणते, बाबांना मागे बसवून ने, त्यांना तेवढंच हवंय. हिला लाँग राइडमधलं ओ की ठो कळत नाही. मागच्या सीटवर बॅनर, टूलकिट आणि पुष्पचक्र. शिवाय सीट उंच, बाबांचे गुडघे कुरकुरणारे, वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांच्या भल्याचंच बघतो. त्यांना सांगितलं की तुम्ही घरी आराम करा, तुमचा सलाम मी पोचवतो. ते म्हणाले, बघ कसं जमतंय ते. म्हणजे परवानगी मिळाली.

ता. क. परवा बिल्डिंगच्या आवारात हिला मागे बसवून ट्रायल घेतली होती. गाडी आडवी झाली. पण ती उभी असतानाच आडवी झाली, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या तो अपघात धरता येत नाही. त्याचा आणि वरच्या निर्णयाचा काहीही संबंध नाही.

९ फेब्रुवारी
संकल्प. रोज पहाटे उठून जोर-बैठका आणि रायडिंगचा सराव. चहा बंद.

१० फेब्रुवारी
उठलो नाही. खरा सैनिक झोप मिळेल तिथे घेतो.

बाबा मात्र पहाटेच उठून बुटांना पॉलिश करत होते. कुठे जायचं नाही तर बूट कशाला चमकवायचे? जुनी सवय, दुसरं काय.

१४ फेब्रुवारी
एकेक मोहरा गळतोय. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाच्या मेहुण्याचं घर बदलायचंय. सगळे आरंभशूर. मी आणि कॅशियर, दोघं पुरेसे आहोत.

दुपारी चहा घेतला. बंदी फक्त सकाळच्या चहावर होती.

१८ फेब्रुवारी
जॅकेट आलं. झकास. चेन पोटापाशी येऊन थांबते, पण उघडं जॅकेट वाऱ्यावर जास्त शोभतं. मेकॅनिक म्हणाला की ही गाडी गावाबाहेर नेऊ नका. या लोकांना गिऱ्हाईक नजरेआड झालेलं चालत नाही.

२१ फेब्रुवारी
कॅशियरची कंबर धरली. जॅकेट काही परत केलं नाही, ते गुणकारी असावं.

ही लगेच म्हणाली की आता एकटाच आहेस तर बॅनर कुणासाठी नेतोस, तिथे बाबांना बसव. बाबा खुर्चीत होते. त्यांचा कोट इस्त्री करून दाराला टांगलेला, पदकं लावलेली. मी म्हटलं, बॅनर ऑलरेडी बांधून झालाय. गाठी फार पक्क्या बसल्यात. त्यावर ही उठून आत निघून गेली. माझ्या घरात मुद्देसूद बोललं की असं होतं.

हिने उद्याची रजा टाकली आहे. स्कूटरचं काम आहे म्हणे.

२२ फेब्रुवारी, सकाळी
निघालो. तिसऱ्या किकला... आठव्या म्हणू. बाबा गॅलरीत उभे होते. मी सलाम ठोकला. त्यांनी हात वर केला, मग घड्याळ बघितलं.

पहिलं स्मारक सापडलं! रस्त्याला लागून, कुंपणात, संगमरवरी दगड, नावं कोरलेली. हेल्मेट छातीशी धरून दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिलो. पुष्पचक्र वाहिलं. डोळे पाणावले. मग आतून एक ऑपरेटर आला आणि म्हणाला की हे पंपहाऊस आहे आणि ही पाणीपुरवठा समितीची नावं आहेत. अध्यक्ष समोरच्याच घरात राहतात. ते बनियनवर फाटकात उभे राहून सगळं बघत होते.

जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. त्यांना तसं समजावलं. त्यांचा चेहरा काही उजळला नाही. पुष्पचक्र परत मागणं बरं दिसेना.

२२ फेब्रुवारी, दुपारी
दुसरं, तिसरं आणि चौथं स्मारक रद्द. श्रद्धा महत्त्वाची, संख्या नाही. थेट टेकडीकडे.

२२ फेब्रुवारी, त्यानंतर
गाडीने घाटाच्या पायथ्याशी प्राण सोडला. हे टेम्पोत बसून लिहितोय. मागे माझी मोटरसायकल आणि गाद्या. टेम्पोवाला वर येत नाही म्हणतो. चालत जाईन. बूट चावतायत. मोबाईल बंद, म्हणजे ‘हजर’ पण आतच अडकलंय.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी
अर्धी चढण चढलो तेव्हा समोरून एक जुनाट स्कूटर खाली आली. ही चालवत होती. मागे बाबा, कोट, पदकं, हिचंच जुनं गुलाबी हेल्मेट. थांबले. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पाण्याची बाटली दिली. स्कूटरवर तिघं मावत नाहीत. ही म्हणाली, तू ये सावकाश.

२३ फेब्रुवारी, सकाळी
काल घरी आल्यावर हिने सगळं सांगितलं. बाबा दगडासमोर ताठ उभे राहिले. हाताने अक्षरं चाचपत एकेक नाव पुकारलं आणि ही प्रत्येकाला ‘हजर’ म्हणत गेली. ड्रायव्हर दोस्तांचं नाव दगडावर नाही, ते बाबांनी स्वतःहून घेतलं. त्यालाही हिने ओ दिली. आमच्या कुंडीतली फुलं वाहिली. मग शेवटी बाबांनी माझं नाव पुकारलं.

ही रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, गैरहजर.

मी नीट विचार केला. गैरहजर मांडायला आधी यादीत नाव असावं लागतं. म्हणजे बाबांनी मला तुकडीत घेतलंय. एका अर्थी मोहीम फत्ते.

आत्ता नाश्त्याला बसलोय. बाबा हिला विचारत होते की पुढच्या वर्षी २२ तारखेला रजा मिळेल का. ही म्हणाली, आत्ताच टाकून ठेवते. दोघं निघायची वेळ ठरवत होते. मी समोरच होतो, चमचा हातात धरून. हजर म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण आज मला कुणी पुकारलंच नाही.