पावशेरचा घास

आबा,

पाया पडते. पण राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. राहूहून तुमची बहीण, आमच्या रखमाआत्या, कालच आल्यात आणि आल्यापासून माझ्या स्वयंपाकघराचा ताबा त्यांच्याकडं आहे. आज दुपारी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "उद्या कावळ्याचं पान पत्र्यावर ठिव, गाईचा घास गोठ्यात, आन् कुत्र्याचा घास बांधावर नेऊन ठिव. म्हंजी आबाला पोचंल."

मी म्हटलं, "कुत्र्याचा घास मी भुईवर ठेवायची न्हाई, आत्या."

"का गं? रीत हाय ती."

मी मेथीची दुसरी जुडी सोडली. खरं सांगावं तर सगळी चूक तुमच्या अंगावर येते, आणि तुमच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तुमच्याच बहिणीसमोर तुमची उणीदुणी काढायला जीभ वळेना. आत्या आता जरा आडव्या झाल्यात. पावशेर माझ्या पायाशी बसलाय. म्हणून तुम्हालाच लिहिते. ज्याची चूक, त्यालाच सांगितलेली बरी.

आठवतं, यांनी त्याला सणसवाडीहून कंपनीच्या बॅगेत घालून आणला होता? यांच्या शेजारच्या रूमवरचं बिऱ्हाड गावाकडं परत गेलं आणि जाताना ह्याला दारात सोडून गेलं. पांढरा, केसाळ, कपाशीच्या बोंडासारखा. तुम्ही मानेला धरून उचललात आणि म्हणालात, "ह्ये कुत्रं हाय व्हय? पावशेर तरी भरंल का?" तेच नाव पडलं.

अर्धं आयुष्य मेंढरांमागं हिंडलेला माणूस तुम्ही. तुमची कुत्री म्हणजे उभी राहिली तर माणसाच्या खांद्याला पंजे लावणारी. ह्या खेळण्याकडं तुम्ही बघायचेही नाहीत, असं मला वाटलं होतं. आठ दिवसांत तो तुमच्या बाजेवर आणि तुमच्या ताटात होता.

ताटातलं एक वेळ सोडून दिलं असतं. पण बांधावरचा खेळ तुम्ही का काढलात, आबा?

डॉक्टरांनी तुमचा गूळ बंद केला, आणि त्याच महिन्यात तुम्हाला पावशेरसाठी मलिदा करायची हौस आली. बाजरीची भाकरी कुस्करायची, तीत गूळ घालायचा, लिंबाएवढ्या गोळ्या वळायच्या, कोपरीच्या खिशात भरायच्या. मग बांधानं चालत दहा-दहा पावलांवर एकेक गोळी गवतात टाकायची. मागून पावशेर नाक खाली घालून हुडकत यायचा, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत राहायचात. दर तिसरी गोळी तुमच्या तोंडात जायची, तेही मला ठाऊक होतं. एकदा कट्ट्यावर धरलंच होतं ना मी तुम्हाला?

"त्याला न्हाई आन् तुम्हालाबी न्हाई, दोघांच्याबी तोंडाला कुलूप न्हाई," असं बोलले होते मी. तुम्ही खिशातल्या उरलेल्या गोळ्या कट्ट्यावर काढून ठेवल्यात आणि आत गेलात. ते बोलणं मला टोचतं. पण गोष्ट खरी होती, हेही तुम्ही मान्य करा.

तुम्ही गेलात आणि खेळ थांबला. पावशेर मात्र रोज सकाळी बांधाला जाऊन नाक घासून यायचा. मी म्हटलं, जाऊ दे, विसरेल.

गेल्या महिन्यात शेजारच्या किसनमामांच्या गव्हात घुशी शिरल्या. बांध पार पोखरून काढला. मामा सकाळीच घरी येऊन म्हणाले, "सुनंदा, औषध ठिवतोय. तुझं ते कुत्रं सांभाळ."

उंदराचं औषध कसं ठेवतात, तुम्हाला काय सांगायचं? पहिले तीन दिवस पिठाच्या साध्या गोळ्या ठेवायच्या. उंदीर, घुशी हुशार, लगेच तोंड लावत नाहीत. तीन दिवसांत त्यांना चटक लागली की चौथ्या दिवशी औषधाच्या गोळ्या. मामांनी गोळ्या दाखवल्या आणि मी एक उचलून हुंगली. बाजरीचं पीठ, गूळ, थोडं तेल. लिंबाएवढ्या. दहा-दहा पावलांवर, गवतात, त्याच बांधावर.

आबा, तुमच्या मायेची आणि त्या विषाची चव एकच निघाली.

त्याच सकाळी पावशेर बांधावरून आला तो मिशा चाटतच. मामा म्हणाले, "साधी व्हती म्हून वाचला. पर त्यालाबी चटक लागली बघ."

मी त्याला बांधला. त्याचं डोकं केवढं? सगळे केस, आत काही नाही. पट्ट्यातून मान काढून तासाभरात बांधावर. घरात कोंडला तर दाराखालची माती उकरून नखं रक्तबंबाळ करून घेतली. यांना फोन लावला. हे आठवडाभर तिकडंच रूमवर असतात, त्यांना तिथून काय दिसणार? म्हणाले, "आज वाचंल, पुढच्या हंगामाला काय करशील? हितं कुणीतरी घेईल, दिऊन टाकू."

देऊन टाकू! तुमच्या बाजेखाली अजून तो झोपतो. तुमच्या मागं ह्या घरात तुमचं म्हणून हलणारं-बोलणारं तेवढंच उरलंय. मी म्हटलं, तीन दिवस द्या मला.

पहिल्या दिवशी, म्हणजे त्याच दुपारी, मी अंगणात तशाच गोळ्या करून ठेवल्या आणि तो जवळ गेला की "नाही" म्हणून ओरडले. त्यानं काय केलं असेल? मी ओरडले की तो दुप्पट घाईनं गिळायचा. सहा गोळ्या गेल्या. सातव्याला मी त्याला मारलं. चांगली चापट बसली. तो ओरडला नाही, तुमच्या बाजेखाली जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. मी बाजेवर बसून रडले, आणि तिथंच मला तुमचं बोलणं आठवलं.

तुम्ही सांगायचात, मेंढरं चोरायला येणारे आधी कुत्र्याला विषाचा तुकडा फेकायचे. तुमच्या वडिलांचं एक कुत्रं तसंच गेलं. तेव्हापासून मेंढरांच्या वाड्यावरच्या पिल्लाला पहिली शिकवण हीच. भुईवरचं खायचं नाही. तळहातावरचं खायचं, तेही "घे" म्हटल्यावर. भुईवर तुकडा ठेवून वर हात झाकायचा, आणि पिल्लू भुई सोडून तुमच्या तोंडाकडं बघेल तेव्हा दुसरा तळहात उघडायचा. "हात रिकामा दावायचा न्हाई कवाच," असंही म्हणायचात. "येकदा फसवलं की कुत्रं तुमचं न्हाई."

म्हणजे तुम्हाला सगळं येत होतं. डझनभर कुत्री तुम्ही ह्या एका गोष्टीवर वाढवलीत, आणि ह्यालाच भुईवरचं शोधून खायला शिकवलंत! का, आबा? आता कसली मेंढरं आणि कसले चोर, असं वाटलं? की म्हातारपणी एकदा तरी लाड करून बघावेत असं वाटलं? चिडून विचारत नाही. बरं, चिडूनच विचारते.

मी तुमची पद्धत धरली. पहिली गोळी भुईवर, वर माझा हात. त्यानं नाकानं ढोसलं, नखांनी ओरबाडलं, बोटं चाटली, कुईकुई केलं. माझी मांडी बधिर झाली. शेवटी थकून त्यानं वर बघितलं. मी डावा तळहात उघडला. "घे." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला हात झाकावा लागेना. गोळीसमोर बसायचा, लाळ गळायची, अंग थरथरायचं, पण नजर माझ्या तोंडावर. एवढासा जीव केवढा दम काढतोय, हे बघून मलाच कसंतरी व्हायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला बांधावर नेला. अंगणात जमतं, पण खरी परीक्षा तिथंच ना? मामांच्या गोळ्या आजचा दिवस साध्याच, उद्या औषध. मुद्दाम मोकळा सोडला. पहिल्या गोळीशी थांबला, वळून माझ्याकडं आला, हातावरचा गूळ लावलेल्या भाकरीचा तुकडा घेतला. दुसरीला तसंच. तिसरीला तसंच. मी किती खूश झाले म्हणून सांगू? माझ्याजवळचे तुकडे संपले तेव्हा तो वीस पावलं पुढं होता.

तेवढ्यात गव्हाच्या पलीकडून मामांची हाक आली. "सुनंदा! कुत्रं आण माघारी! काल सांजच्यालाच औषध घातलंय!"

मामांनी पहिल्या गोळ्या मला सांगायच्या आदल्या संध्याकाळीच ठेवल्या होत्या. त्यांनी ती संध्याकाळच पहिला दिवस धरली आणि तिसऱ्या सांजेला चौथ्या दिवसाचं औषध घालून टाकलं; मी दुसऱ्या सकाळपासून मोजत होते. आम्ही दोघंही आयुष्यभर शेतात, आणि एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. विषाच्या तीन गोळ्यांसमोर मी त्याला स्वतः नेऊन बसवलं होतं.

पावशेर चौथ्या गोळीपाशी होता. नाक गोळीला टेकलेलं. मामांच्या ओरडण्यानं त्यानं कान मागं टाकले. पळाले तर तो गिळणार, ओरडले तर गिळणार, हे मला पहिल्या दिवशीच्या सहा गोळ्यांनी शिकवलं होतं. मी मामांना हातानं गप्प केलं आणि आहे तिथं बांधावर खाली बसले. पाय दुमडून, तुम्ही बसायचात तशी. आणि हात पुढं केला.

हात रिकामा होता, आबा.

बंद मूठ केली, आत काहीतरी असल्यासारखी. त्यानं माझ्याकडं बघितलं. गोळीकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मी साध्या आवाजात म्हटलं, "पावशेर." तो गोळी सोडून चालत आला. पळत नाही, चालत. माझ्यासमोर बसला आणि तोंडाकडं बघू लागला.

मी मूठ उघडली. आत फक्त गुळाचा चिकटा होता. त्यानं तेवढा चाटला, मग हात उलटापालटा करून हुंगला आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. तुम्ही नको म्हणाला होतात, तेच मी केलं.

मामा धावत आले. त्यांनी गोळ्या मोजल्या, तर एक कमी. घुशीनं नेली का ह्यानं खाल्ली, कुणाला सांगता येईना. मोटारसायकलवर मांडवगणच्या गुरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी त्याला ओकायला लावलं. भाकरीचे तुकडे पडले, दुसरं काही दिसलं नाही, तरी म्हणाले, "दुपारपर्यंत बसा. पाण्याचा थेंब देऊ नका, विष असलंच तर पाण्यानं भडकेल." तो तहानलेला, जीभ बाहेर, आणि मी नळाशेजारच्या बाकावर त्याला मांडीवर घेऊन बसलेली. पोटावर हात ठेवून श्वास मोजत होते. मामा बाजूला टोपी काढून बसले होते. एकदाच बोलले, "आबा असता तर मला फाडून खाल्लं असतं."

मी म्हटलं, "त्यांना आधी मी फाडून खाल्लं असतं, मामा."

दुपारी डॉक्टर म्हणाले, "न्या घरी. हे विष खाल्लेलं कुत्रं नव्हे." मामांनी त्याच संध्याकाळी उरलेल्या गोळ्या उचलल्या. आता औषध बिळाच्या आत ढकलून वर माती लिंपतात.

पावशेर वाचला, पण माझ्या हातावरचं खाईना. भुईवरचंही खाईना, ते एक बरं. मी तळहात उघडायची, तुकडा समोर, "घे" म्हणायची, आणि तो माझं तोंड न्याहाळत बसायचा. नुसतं पाणी पिऊन दोन दिवस काढले त्यानं. मी काहीही न बोलता रोज सकाळ-संध्याकाळ भरला हात घेऊन तुमच्या बाजेजवळ बसायची. तिसऱ्या दिवशी त्यानं घेतला. घेताना दात लागू दिला नाही.

असं बसल्या बसल्या मला तुमचा शेवटचा आठवडा आठवायचा. तुम्हीही त्या बाजेवरून हात पुढं केला होता. "खडाभर गूळ दे गं." मी म्हटलं, "आधी शुगर बघू, मग उद्या देते." तो उद्या काही आला नाही. कुत्र्याला फसवलं ते मला कळलं, कारण त्यानं दोन दिवस खाल्लं नाही. तुम्ही मात्र रिकामा हात पाहून नुसते हसलात आणि कुशीवर वळलात. म्हणून ते मला कळायला वर्ष लागलं.

आत्या उठल्या वाटतं. आवरते.

उद्या कावळ्याचं पान पत्र्यावर जाईल, गाईचा घास गोठ्यात जाईल. पावशेरचा घास मी बांधावर ठेवणार नाही, रीत मोडली तर मोडली. तो माझ्या तळहातावरूनच खाईल. आत्यांना सांगेन, आबांचीच शिकवण आहे. आणि ह्या घरात कुणालाही, माणसाला का जनावराला, मी पुन्हा रिकामा हात दाखवणार नाही. हा माझा शब्द.

आणखी एक. उद्या तुमच्या पानात मी मलिदा वाढतेय. गूळ मोजलेला नाही. पान वाढून झालं की माझ्याकडं बघत थांबू नका.

घ्या, आबा.

तुमची सून,
सुनंदा