रिकाम्या तुकड्याची काळजी

१२ नोव्हेंबर
आजपासून संशोधन सुरू. नात राजनंदिनी ॲग्रीच्या एम.एस्सी.ला आहे. मोकळ्या रानात डुकरं पाळली तर मातीचं काय होतं, हा तिचा विषय. बाकीचं सगळं शोधून संपलं असावं. खर्डा गावातली जमीन माझी, म्हणून प्रमुख मीच. शिक्षण सातवी, पण माती कळते. एका तुकड्यात जाळी लावून सहा डुकरं. शेजारचा तुकडा तुलनेसाठी रिकामा. नंदी म्हणाली, आबा, तिकडं शेणाची पाटीसुद्धा टाकायची नाही. ठरवलं: लुडबूड करायची नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळी ६
झोप नाही. डुकरं सुटली तर? शेजारचा बिभीषण बांधावरून ओरडला, आबा, म्हातारपणी लई चांगली संगत धरली की! दुर्लक्ष केलं. जाळी तीनदा तपासली.

३ जानेवारी
डुकरांनी रान उकरून भुसभुशीत केलं. रिकामा तुकडा मात्र उपाशी. जीव तुटतो. लुडबूड नाही. फक्त बघून येतो, दिवसातून चारदा.

९ फेब्रुवारी
मेंढपाळ भीमा आला. दरवर्षी आमच्या रानात मेंढ्या बसवतो. दोन रात्रीत गाडीभर खताचं काम होतं. म्हणाला, बसवू का औंदा? विचार केला. नंदीने शेणाला बंदी केली आहे, लेंड्यांचा विषय काढलेला नाही. शिवाय दोन्ही तुकडे चांगले निघाले तर पोरीला मार्क दुप्पट. रिकाम्यात बसवल्या. नंदी कॉलेजात. उगीच फोन कशाला?

१२ फेब्रुवारी
बायको म्हणते, पोरीला सांगा, न्हाईतर मी सांगते. वेळ आली की सांगेन. फावड्याने माती खालीवर केली. काही दिसत नाही. नेटकं काम.

२४ मार्च
माती तपासणीचा रिपोर्ट आला. रिकाम्या तुकड्यात नत्र डुकरांच्या तुकड्यापेक्षा जास्त! नंदी रडकुंडीला. गाईड मॅडम म्हणाल्या, असं होऊच शकत नाही. मॅडमना अनुभव कमी. जूनमध्ये थिसिस दिला नाही तर वर्ष वाया.

२७ मार्च
नंदीने रिकाम्या तुकड्याच्या सॅम्पलच्या उरलेल्या मातीतून चार लेंड्या काढून पुढ्यात ठेवल्या. आबा, हे काय? म्हणालो, उन्हाळ्यात डुकरांना असं होतं. उष्णता. बायको म्हणाली, अन् जाळीवरून उडी मारून तिकडं करायला येत्यात व्हय? या घरात माणसाला बोलू देत नाहीत. सांगून टाकलं. नंदीने लेंड्या कागदात बांधल्या आणि मॅडमना फोन लावला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च
मॅडमचा निकाल: सगळा हंगाम पुन्हा. मी नंदीला म्हणालो, एका वर्षाने काय होतंय? ती म्हणाली, तुमचं काही होत नाही, आबा.

१२ एप्रिल
नंदीने नवे तुकडे आखले. सल्ला द्यायला गेलो. रिकाम्या तुकड्याला यंदा डोक्याइतकी उंच जाळी, गेट आणि कुलूप. आत एक डुक्कर नाही, की गवताची काडी नाही. चावी बायकोच्या कमरेला. कुलूप कशासाठी, ते विचारलं नाही.