बंद दारांची चौकशी

बोरीवली,
७ डिसेंबर १९८६

महादूदादास,

हरेश्वरचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे, वहिनींची दाढ काढली की अजून आहे, पोरांना भूक लागते का, ते कळव. आम्ही बरे आहोत. कमळही बरी आहे. (लग्नाला नऊ वर्षे झाली, पण आई आल्यापासून ती माझी बायको कमी आणि आईची सून जास्त आहे.)

लवूकडून तुझा निरोप मिळाला. येत्या रविवारी तू आईला मनोरीला न्यायला येणार. डब्यात कोंडून म्हातारी मरेल, असे तू म्हणालास. (लवू निरोप देताना चेहराही तुझ्यासारखा करतो. त्यामुळे तू अर्धा येऊन गेल्यासारखाच आहेस.) तू निघण्याआधी तिची तब्येत इथे कशी आहे, ते नीट वाच.

ती आली तेव्हा खोकत आली, हे तुला माहीत आहे. तुमच्या चुलीचा धूर आणि पावसाळ्यात भिंतींना सुटलेले पाणी, दोन्ही तिच्या छातीत होते. इथे गॅस आहे, समोरासमोर दोन खिडक्या आहेत, भिंती कोरड्या आहेत. महिन्यात खोकला गेला. माणूस औषधाने बरा होत नाही, घराने होतो, असे मी कमळला म्हणालो. वाक्य मला आवडले म्हणून ऑफिसातही म्हणालो. त्यानंतर आईचे गुडघे गेले. मग भूक गेली, मग झोप. आम्ही तिला काडी उचलू देत नव्हतो. पाणी नळाला, मासळी साफ होऊन पिशवीत, आणि आई सोफ्यावर, मनोरीला जाणाऱ्या तरीची वाट बघत मार्व्याच्या धक्क्यावर बसतात तशी. डॉक्टरांनी विचारले, आजी, गावाला दिवसभर काय करायचात? "काय नाय. घरातच." (दादा, आईचे घर म्हणजे पहाटे बंदर, मग वाळत घातलेले बोंबील उलटणे, मग सोनूबाईचा ओटा, आणि तिच्याशी भांडण झाले की पलीकडचा ओटा. तिचे घर इतके लांब असते, हे डॉक्टरांना कोण सांगणार?) त्यांनी टॉनिक लिहून दिले आणि विश्रांती घ्यायला सांगितले. म्हणजे जे करून ती आजारी पडली होती, तेच.

पुढचे टॉनिकने झाले नाही. एका दुपारी कमळ रेशनला गेली असताना आई पहिल्यांदा एकटी जिन्यात आली. बघते तर सगळी दारे बंद. आपल्याकडे दिवसाचे दार कधी लागते, तुला माहीत आहे. एक, आत कोणी फार आजारी असेल तर. दुसरे मी लिहीत नाही. तिने समोरचे दार वाजवले. जयंतीभाईंनी उघडले. "घरात कोण आजारी हाय?" त्यांना वाटले, पालिकेच्या दवाखान्याच्या बाई आल्या. म्हणाले, मी. पोटात जळजळ, चार वर्षे झाली. आई म्हणाली, "तरीच मी म्हणतंय, दार कनाला लावलाय." मग शेजारचे दार. मग वरचा मजला, मग त्याच्यावरचा. कोणीही नाही म्हणाले नाही. कोणाचा दमा, कोणाची पाठ, एकीची सासू. (ते दुखणे बहुधा सासूलाही असावे.) संध्याकाळी तिने कमळला हळूच सांगितले, "तुमच्या बिल्डिंगीत साथ आलीय. घराघरात माणूस पडलाय."

एकदा चौकशी केली की माणूस उठेपर्यंत करायची, ही आपल्याकडची रीत. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तेव्हापासून रोज जाते. जिना चढते, उतरते, कोणाकडे चहा, कोणाकडे ढोकळा. गुडघ्यांबद्दल विचारले तर म्हणते, मला वेळ नाही. रात्री बातम्या लागायच्या आधी घोरते. तिसऱ्या मजल्यावर वनमाला आहे. पहिलीच खेप, माहेर लांब, नवरा पाळीवर. आई दुपारची तिच्याकडे बसते. बिल्डिंगीतले सर्वांत लहान माणूस अजून जन्मायचे आहे, पण त्याचीही चौकशी सुरू झाली आहे.

तक्रार अर्थात झाली. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश आले. विनापरवाना घरोघर फिरणे, वगैरे. आईने त्यांना ओळखले. "तुझाच दार ऱ्हायला व्हता रं. काय व्हतंय तुना?"

"मला काही होत नाही, आजी."

"मंग दार कनाला लावतोस?"

ते बसले. बायको माहेरी जाऊन दोन महिने झाले, झोप येत नाही, असे म्हणाले. चहा प्याले. तक्रारीचा कागद आमच्याकडेच राहिला. आता झोप लागली की तसे सांगायला येतात, नाही लागली तरी येतात.

असे आहे. गॅस, खिडक्या, कोरड्या भिंती आणि खाली डॉक्टर. आई ठणठणीत आहे, हे तुझ्या लक्षात आलेच असेल. वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
हरेश्वर

ता. क. – रविवारी येऊ नकोस. भिंती आणि खिडक्यांचे सोडून दे. या जिन्याने मी नऊ वर्षे चढतो आहे. जयंतीभाईंनी मला नावाने हाक मारली ती गेल्या आठवड्यात. आईचा मुलगा म्हणून.

ता. क. २ – पत्र आईने माझ्याकडून वाचून घेतले, वरच्या ओळींसकट. ती म्हणते, "मी काय मासळीची पाटी हाय, एकानं उचलायला नि दुसऱ्यानं उतरवायला?" तू येऊ नकोस, तीच येते आहे. तुझी कंबर बघून परत येईल. सोबत चंद्रप्रकाश, जयंतीभाई, त्यांची बायको आणि वरच्या मजल्यावरचा दमा आहे. त्यांना समुद्राची हवा हवी, असे तिने ठरवले आहे. जयंतीभाई मासळी खात नाहीत. वहिनींना वाल भिजत घालायला सांग.

ता. क. ३ (हे तिला वाचून दाखवलेले नाही) – तिकडे तिचे मन रमले तर वनमालाचे दिवस भरत आलेत, एवढे तिच्या कानावर घाल. ती विसरलेली नाही. तरी घाल.