कॉलेजातलं मयताचं जेवण

पाइन फोर्क, १४ ऑक्टोबर

चि. लेनोरास,
तुझ्या आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी उगवली ती शेजारची वेल्डा, घेवड्याचं पातेलं कमरेवर घेऊन. वर्गाच्या दारातूनच मला विचारते कशी, ओर्फाकाकी, गेलं कोण? म्हटलं, बाई, मी इथं लिहायला शिकायला आलेय, मला काय माहीत.

झालं असं, की गुरुवारी तुझ्या प्रौढांच्या वर्गाला अनुदान देणाऱ्या संस्थेची माणसं लुईव्हिलहून अचानक पाहणीला आली. तू तिकडे दवाखान्यात आडवी, आणि संध्याकाळच्या वर्गात शिकणारी मी एकटी. त्यांच्या प्रुइटबाई रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाल्या, माणसंच टिकत नसतील तर पुढच्या वर्षी पैसे द्यायचे कशाला? आत्ता कुठे मला मोठे शब्द लिहिता यायला लागलेत.

पण धुक्यामुळे त्यांच्या चार काळ्या गाड्या दिवे लावून, एकामागे एक, हळूहळू आलेल्या. आपल्याकडे अशी रांग म्हणजे मयताची, ती दिसली की माणूस काय करतो? गाडी कडेला घेतो, टोपी काढतो आणि मयताकडे जेवण न्यायला घरी जाऊन चूल पेटवतो. रांग शिरली कॉलेजात. तुझ्या जुन्या विद्यार्थ्याने, बर्लने, डोकं चालवलं, की लेनोराला बाळंतपणासाठी लेक्सिंग्टनला नेलं होतं, तीच गेली बिचारी.

मग काय, तुझे वर्ग सोडून गेलेले सगळे आले. बर्ल तर डुकराची भाजलेली तंगडी छातीशी धरून हुंदके देत होता. थरांचा केक, मक्याचा पाव, मसाला भरलेली अंडी, टेबलं पुरेनात. तू जिवंत आहेस म्हटल्यावर सगळे आधी खूश झाले, मग जरा रागावले. पण आणलेलं परत कोण नेतो? बसले जेवायला.

आता हात दुखला, बाकीचं पुढच्या पत्रात. पाय उंच ठेवून झोप.
तुझीच,
आजी


लेक्सिंग्टन, १७ ऑक्टोबर

ती. आजीस,
लेनोराचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की नर्स धावत आली. मग रडूच आलं. वर्षभर मी बर्लला फोन करतेय, तो उचलत नाही. त्याला कॉलेजात आणायला मला मरावं लागतं?

आजी, त्या अनुदानातून खाण्यावर एक सेंटही खर्च करता येत नाही. प्रुइटबाईंना वाटलं असेल मी मेजवान्या झोडते. तू त्यांना खरं सांगितलंस ना? अर्ध्यात पत्र कसलं संपवतेस! वर्ग बंद पडला तर माझी नोकरी जाईलच, पण तुझं शिकणंही जाईल. डॉक्टरांनी फोन काढून घेतलाय, तेव्हा लगेच लिही.

पोटातलं बाळ तुझ्यासारखंच आहे, गप्प बसत नाही.
लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी,
लेनोरा


पाइन फोर्क, २० ऑक्टोबर

चि. लेनोरास,
अ. उ. आ. वि. वि.

मी खोटं कशाला बोलेन? सगळं सांगितलं. प्रुइटबाई हसता हसता ठसकल्या, वेल्डाने त्यांच्या पाठीत असा गुद्दा घातला की बाईंचा चष्मा केकात.

मग त्यांनी बर्लला विचारलं, वर्ग का सोडलास? तो म्हणाला, आई आजारी होती, महिनाभर बुडला, नंतर तोंड दाखवायची लाज वाटली. लेनोराचा फोन वाजला की मी तो उशीखाली सारायचो. मयताला कसं, कोणी विचारत नाही इतके दिवस कुठे होतास.

बाईंनी चष्म्यावरचा केक पुसला. मग म्हणाल्या, ताटं लोक घरून आणतात त्याला आमचा नियम आड येत नाही. आम्ही परत येऊ. कोणी न मरता ही माणसं वर्गात बसलेली दिसली, तर पैसे चालू.

काल वर्गाचा दिवस. बर्लचा ट्रक बाहेर कधीचा उभा, हा आत येईना. मी जाऊन काच ठोकली. म्हणाला, ओर्फाकाकी, रिकाम्या हाताने कसा येऊ? म्हटलं, माझ्याकडे मक्याचा पाव आहे, तो धर आणि चल. आला. माझ्या शेजारी बसला, आणि माझंच बघून लिहीत होता मेला.

जीव जपून राहा, आजीवरची माया पातळ करू नकोस.
आजी

ता. क. लुईव्हिलचे पाहुणे परत यायचेत पुढच्या गुरुवारी, सव्वीस तारखेला.