खिडकीतली बाई

आईच्या पायांवर डोकं ठेवून,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

आठवतं, माझ्या व्हिडिओ गेमचा शेवटचा टप्पा आला होता आणि टीव्ही बंद केला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून? नेमका तेव्हाच तुझ्या मालिकेचा शेवटचा भाग होता. तू म्हणालीस, "खेळ गं, मालिकेतली सासू कुठे पळून जातेय!" तो भाग हुकलाच. मला अजून टोचतं.

इथे कंपनीत मी व्हिडिओ गेममधली घरं रंगवते. काल एका खिडकीत टीव्ही बघणारी बाई काढली. साहेब म्हणाले, "हिचं गेममध्ये काय काम? पुसून टाक." मी पहिल्यांदाच नाही म्हटलं. नोकरी नवी आहे, तरीही. साहेबांचा निर्णय अजून यायचाय. बाई मात्र निळ्या उजेडात निवांत बसून शेवटचा भाग बघतेय.

तुझीच,
धाकटी